वेल्डन प्रुइटची संमती

वेल्डन प्रुइटला वकिली सोडायला लावायचं काम गावाने माझ्या गळ्यात मारलं, याचा राग माझा अजून गेलेला नाही. गावात त्याची बायको होती, न्यायाधीश होत्या, डॉक्टर होता, पाद्री होता, त्याच्याबरोबर शाळेत गेलेली निम्मी खाडी होती. पण सगळ्यांना नाव सुचलं ते एकच, रोवेना स्टर्लिंग. का, तर मीही वकील. जणू वकिलाने वकिलाला चापट मारली की ती लागत नाही.

तोंडावर मी त्याला ‘तुम्ही’च म्हणत आले. इथे एकेरीत सांगते, कारण चिडलेल्या माणसाला आदरार्थी अनेकवचन पेलत नाही.

पार्सन्स लँडिंगमध्ये आम्ही दोनच वकील. कोर्टासमोरच्या रस्त्याच्या एका बाजूला त्याचं ऑफिस, दुसऱ्या बाजूला माझं. भांडण झालं की एक पक्ष इकडे, दुसरा तिकडे. त्यामुळे जन्मभर आम्ही एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलो आणि दुपारी एकाच टपरीवर सूप प्यायलो. तिथेही त्याला चैन नसे. फळ्यावर ‘ताजे खेकडे सूप’ असं लिहिलेलं बघून त्याने मालकिणीची उलटतपासणी घेतली होती. “बाई, ताजं काय? खेकडे की सूप?” शेवटी तिने ‘ताजे’ पुसून टाकलं.

त्याची आई खेकडे सोलण्याच्या कारखान्यात होती. खालच्या खाडीतून वकील झालेला तो पहिलाच. बाल्टिमोरच्या मोठ्या कंपनीने बोलावलं होतं, गेला नाही. परत येऊन त्याने पहिलाच जो खटला लढवला त्याच्यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. आल्टन डाइझ नावाच्या कालवं काढणाऱ्यावर सरकारने आरोप ठेवला होता, की त्याने बंदी घातलेल्या पाण्यात जाळं ओढलं. आल्टनचं म्हणणं, धुकं होतं, खुणेचा खांब दिसलाच नाही. वेल्डनने काय करावं? धुक्याची सकाळ येईपर्यंत तारखा मागत राहिला, आणि मग न्यायाधीशसाहेबांना आल्टनच्या होडीत बसवून पाण्यात नेलं. मध्यावर होडी थांबवून म्हणाला, “आता साहेबांनी खांब कुठे आहे तो बोटाने दाखवावा.” साहेबांनी बोट दाखवलं ते आपल्याच घराकडे. आल्टन सुटला.

मी नवीन असताना पहिल्या खटल्यात त्याने मला अशी लोळवली की मी गाडीत बसून रडले. संध्याकाळी हा कालवांची टोपली घेऊन दारात उभा. “रो, सुरी आण. साक्षीदार आणि कालव एकाच रीतीने उघडतात. तोंडाकडून घुसायचं नाही, बिजागरीकडून यायचं.” असा माणूस. त्याच्यावर रागावणंसुद्धा धड जमत नाही, हाच तर ताप.

आधीच्या दोनेक हिवाळ्यांपासून काहीतरी बिनसत चाललं होतं. एकाच नोटिशीला त्याची तीन-तीन उत्तरं यायची, तिन्ही वेगवेगळ्या युक्तिवादांची, तिन्ही सुरेख. एका रविवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर बॅग घेऊन बसला होता, दार बंद आहे म्हणून सरकारला शिव्या देत. न्यायाधीश लेनोरा गिलिस यांना तो त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारायचा; वडीलही त्याच खुर्चीत बसलेले, त्यामुळे लेनोराबाई हसून सोडून द्यायच्या. नाव आठवलं नाही की ‘माझे विद्वान मित्र’ म्हणायचा. टपरीवरच्या वेटरलासुद्धा. लोक म्हणत, “वेल्डन पहिल्यापासून तसाच.” अरे, कुठला पहिल्यापासून? पहिल्यापासून तो स्वल्पविराम चुकला तर सबंध पान फाडणारा माणूस होता! पण गावाला डोळे मिटायचे असले की गाव फार छान मिटतं. मीही मिटलेच होते, ते सोडा.

मग मर्व्हिन डाइझचा खटला आला.

मर्व्हिन हा त्या आल्टनचा मुलगा, खेकडे पकडणारा, वेल्डनच्याच वयाचा, बापासारखाच कमी बोलणारा. त्याच्या धक्क्याकडे जायची गल्ली शेजारच्या जमिनीतून जाते. ती जमीन म्हाताऱ्या मिसेस नॉकची होती. ती वारली आणि वॉशिंग्टनहून पेल्हॅम नावाचं निवृत्त जोडपं आलं. त्यांनी गल्लीवर साखळी लावली. मर्व्हिन वेल्डनकडे गेला, म्हणून पेल्हॅम माझ्याकडे आले. मला ते आवडत नव्हते, पण दोन वकिलांच्या गावात आवडनिवड कोण विचारतो?

खटला वहिवाटीचा होता. वर्षानुवर्षं कुणाला न विचारता वापरलेली वाट हक्काची होते. विचारून, मालकाच्या खुशीने वापरलेली होत नाही. म्हणजे सगळं एवढ्यावरच अडलेलं, की डाइझ मंडळी त्या गल्लीतून हक्काने जात होती की मिसेस नॉकच्या संमतीने? माझ्याकडे संमतीचा एकही पुरावा नव्हता. मी हरणार होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

वेल्डन उभा राहिला. हातात कागद नाही, पाठ ताठ, आवाज तोच जुना. “विचारून जाणाऱ्याला हक्क नसतो,” त्याने सुरुवात केली. मला वाटलं, आधी माझा मुद्दा मांडून मग तो चिरडणार. ही त्याची जुनी खोड. पण चिरडायची वेळ येईचना. तो रंगतच गेला. “मर्व्हिनचे वडील दर उन्हाळ्यात मिसेस नॉकच्या पायरीवर खेकड्यांची टोपली ठेवून यायचे. का? कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं की वाट तिची आहे. ती टोपली म्हणजे परवानगीची किंमत. माननीय न्यायाधीश, याहून मोठा संमतीचा पुरावा कोणता हवा?”

टोपलीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. पेल्हॅमना ठाऊक नव्हती. ती फक्त मर्व्हिनने आपल्या वकिलाला, वकिलाच्या खोलीत सांगितलेली होती.

मिस्टर पेल्हॅम माझ्या कानाशी आले. “हा आपल्या बाजूचा आहे का?”

मी उठले. “माझी हरकत आहे.”

लेनोराबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मिस स्टर्लिंग, ते तुमचीच बाजू मांडतायत.”

“म्हणूनच हरकत आहे.”

“कोणत्या आधारावर?”

“आधार सुचत नाहीये. पण हरकत आहे!”

त्यांनी सुनावणी थांबवली. वेल्डन खाली बसला, मर्व्हिनच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, “झालं. जिंकलो.”

मर्व्हिन समोर बघत म्हणाला, “हो, कॅप्टन.” खाडीतली माणसं मान देतात ती याच शब्दाने.

लेनोराबाईंनी मला आत बोलावलं. दार लावलं. मग म्हणाल्या, “आता मला आणि तुला दोघींनाही गप्प बसता येणार नाही. वकील-मंडळाला कळवावं लागेल. तिथून दोन वाटा निघतात. एक, चौकशी, साक्षी, डॉक्टरांची उलटतपासणी, सगळं चव्हाट्यावर. दुसरी, संमतीची. तो आणि मंडळ मिळून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज करतात, त्याची सनद निष्क्रिय यादीत जाते. ठपका नाही, शिक्षा नाही, आजारपण म्हणून मानाने बाजूला. फक्त त्याची सही पाहिजे.”

“मग सांगा त्याला.”

“मी न्यायाधीश. मी कसं सांगणार?”

“लोरेटा सांगेल.” लोरेटा त्याची बायको.

“ती म्हणते, डॉक्टरने सांगावं. डॉक्टर म्हणतो, पाद्र्याने सांगावं. पाद्र्याला मी फोन केला, तो म्हणतो, रोवेनाचं तो ऐकतो.”

“माझं? माझं त्याने आयुष्यात एकदा तरी ऐकलंय का?”

“तुझ्याशी भांडताना तरी तो ऐकतो,” त्या म्हणाल्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची होती आणि उंदरांनी बहुमताने उंदीर निवडला होता.

पेल्हॅमचं वकीलपत्र मी त्याच दिवशी सोडलं. मिस्टर पेल्हॅम कळवळून म्हणाले, “पण आपण तर जिंकत होतो!” मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला.

मग मी वेल्डनच्या घरी गेले. लोरेटाने केक कापला, म्हणजे तिला कळलं होतं मी कशाला आले ते. स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “रो, सनद गेली तर हा दिवसभर घरी बसणार ना गं? माझ्या डोक्यावर?”

“लोरेटाबाई, तुम्हाला तो घरी नको म्हणून मी त्याला कोर्टात राहू देऊ?”

“तसं नाही,” ती म्हणाली. मग हळूच, “रोज सकाळी तो ऑफिसला निघाला की मी माझी गाडी काढते. मागे मागे जाते. वळण चुकला की हॉर्न वाजवते. त्याला वाटतं, कोणीतरी उर्मट माणूस आहे.”

मी केक तसाच ठेवला.

वेल्डनने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इतकं शांतपणे, की मला वाटलं, काम झालं. मग तो खुर्चीत मागे रेलला. ते रेलणं मला ओळखीचं होतं. आता बिजागरीकडून सुरी येणार.

“रो, एक सांग. मी ही सही करेन, ती समजून की न समजता?”

“समजून. तसंच पाहिजे.”

“म्हणजे कायद्याचा एवढा किचकट कागद मला समजतो. मग मला वकिली करायला काय धाड भरलीय?”

“वेल्डन…”

“आणि मला समजत नसेल, तर माझी सही कागदाच्या किमतीचीही नाही. मग संमती कुठली? कुठूनही धर, तुझा अर्ज टिकत नाही.”

मी घरी जाऊन पुस्तकं काढली. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या वकिलाला फोन लावला. टॉबिन नावाचा गोड आवाजाचा तरुण. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मुद्दा चांगला आहे हो!”

“मला माहीत आहे चांगला आहे! उत्तर काय?”

“उत्तर नाही सुचत. पण मुद्दा फारच चांगला आहे.”

असं ते सुरू झालं. मंगळवारी वेल्डन म्हणायचा, “ठीक आहे रो, थकलो मी. आण कागद.” मी गुरुवारी कागद घेऊन गेले की, “कसला कागद? मी आणि संमती? कुठे म्हटलं? कोणासमोर?” लोरेटासमोर, मी म्हणे. “बायकोची साक्ष नवऱ्याविरुद्ध चालत नाही,” हे त्याचं उत्तर तयार. मला हसू यायचं आणि त्याच क्षणी त्याची मान पिरगाळावीशी वाटायची.

मग त्याने मसुदा हातात घेतला. ‘अक्षमता’ या शब्दावर लाल रेघ. “मी अक्षम? कोणत्या कामाला? मोघम शब्द आहे.” ‘निष्क्रिय’वर लाल रेघ. “निष्क्रिय बॉम्बला करतात. माणसाला नाही.” मी म्हटलं, तो शब्द नियमातच आहे, मी काय करू? तर म्हणाला, “मग नियम बदलायचा अर्ज कर. मी थांबतो.” मसुदा टॉबिनकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. आणि चीड कशाची, तर त्याच्या दुरुस्त्या बरोबर असायच्या. एका कलमातली चूक टॉबिनच्या आख्ख्या ऑफिसच्या नजरेतून निसटलेली, ती त्याने पकडली. टॉबिन फोनवर म्हणाला, “मिस स्टर्लिंग, आम्ही यापुढे सगळ्या अर्जांत हीच वाक्यरचना वापरणार आहोत.” मसुदा दिवसेंदिवस सुधारत होता. माणूस तेवढा सुधारत नव्हता. एका दुरुस्तीच्या शेजारी त्याने आपल्या आईचं नाव लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा, शाळेतल्या मुलासारखं गिरवून. मी ते टॉबिनला पाठवलं नाही, नवीन प्रत टाइप केली.

डॉक्टर म्हणाला, “सकाळी त्याला सगळं नीट कळतं. दुपारनंतर भरवसा नाही.” हे वेल्डनने ऐकलं.

“उत्तम,” तो म्हणाला, “मी सकाळचे खटले घेईन.”

तेव्हा माझा तोल गेला. “वेल्डन, तुम्ही मर्व्हिनला बुडवलंत! भर कोर्टात! स्वतःच्या अशिलाला!”

त्याचा चेहरा दगड झाला. “मर्व्हिनची तक्रार आहे का माझ्याविरुद्ध? असेल तर आण. नसेल तर माझ्या ऑफिसमधून चालती हो.”

आयुष्यभर भांडलो, पण चालती हो असं तो मला कधी म्हणाला नव्हता.

मी तशीच पाय आपटत मर्व्हिनच्या धक्क्यावर गेले. साखळी ओलांडूनच जावं लागलं. तो होडीत खेकडे निवडत होता, नर एका टोपलीत, माद्या दुसरीत. मी काठावरून सगळं सांगितलं.

“तक्रार? वेल्डनविरुद्ध?” त्याने मान हलवली. “नाही जमायचं.”

“त्याने तुझं गुपित फोडलं, मर्व्हिन!”

“मुद्दाम नाही फोडलं.”

“मुद्दाम नाही म्हणून धक्का परत मिळणार आहे का तुला? उद्या होडी कुठे बांधशील? माझ्या अंगणात?”

“जाऊ दे धक्का.”

“अरे जाऊ दे काय! एकाला सही करायची नाही, दुसऱ्याला तक्रार करायची नाही, तिसरीला तो घरी नको, चौथी न्यायाधीश! मी एकटीनेच वाईट व्हायचं का या गावात?” मी अक्षरशः ओरडत होते. पलीकडच्या होडीतली माणसं कामं सोडून बघायला लागली.

मर्व्हिनने हातमोजे काढले. ते पिळले, कठड्यावर वाळत घातले. घाई म्हणून त्या माणसाला माहीत नाही. मग म्हणाला, “तक्रार नाही करणार. पण उद्या सकाळी मी बोलतो त्याच्याशी. तू ये. मात्र मध्ये तोंड घालायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वेल्डनच्या ऑफिसात गेलो. मर्व्हिनने रविवारचा सदरा घातला होता. वेल्डन टवटवीत होता, मला बघून न बघितल्यासारखं केलं.

“बस, मर्व्हिन. काय काढलंस?”

“वेल्डन, मला दुसरा वकील करायचाय.”

वेल्डनला ते लागलं, पण त्याने दाखवलं नाही. “कर की. तुझा हक्क आहे. अडवलंय कोणी?”

“तू.”

“मी?”

“तू या खुर्चीत बसलेला असताना मी दुसऱ्या वकिलाच्या दारात कसा जाऊ? बाप थडग्यातून उठून मुस्काटात देईल. मला तुला सोडता येत नाही. म्हणून आलोय. तू मला सोड.”

“पण का? माझं काय चुकलं?”

मर्व्हिनने टोपी हातात फिरवली. “टोपलीची गोष्ट तू कोर्टात सांगितलीस.”

“कुठली टोपली?”

“बाबा मिसेस नॉकच्या पायरीवर ठेवायचे ती.”

वेल्डन थांबला. तो कोर्टातला दिवस आठवू बघत होता आणि तो दिवस त्याला सापडत नव्हता, हे आम्हा दोघांना दिसत होतं. पण दुसरं काहीतरी सापडलं. “ती गोष्ट तू मला इथे सांगितलीस,” तो म्हणाला. “त्या दिवशी. दार लावून.”

“हो.”

“आणि मी म्हटलं, ही कुणाला सांगू नकोस.”

“हो. म्हणालास.”

“आणि मग मीच…” तो माझ्याकडे वळला. “रो. खरं?”

“खरं.”

“तू तिथे होतीस?”

“समोरच होते.”

“हरकत घेतलीस?”

“घेतली.”

“आधार काय दिलास?”

“सुचला नाही.”

“सुचला नाही?” त्याचा आवाज चढला. “अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित! पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असतं. काय शिकवलं मी तुला इतकी वर्षं?” मग एकदम आवाज खाली आला. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून तो त्यांच्याकडे बघत बसला. मर्व्हिनने मला डोळ्यांनी दाबून ठेवलं होतं, म्हणून मी गप्प राहिले.

“मर्व्हिन,” तो शेवटी म्हणाला, “मी तुला सोडलं.”

“बरं, कॅप्टन.”

“रो, कागद आण.”

कागद माझ्या पिशवीतच होता, पण तुम्हाला वाटेल सही झाली, छे! नियमाप्रमाणे त्याला सल्ला द्यायला वेगळा वकील हवा, डॉक्टर हवा, मंडळाचा माणूस हवा. सगळ्यांना एकाच सकाळी आणायचं म्हणजे वऱ्हाड गोळा करणं. डॉक्टरला वेळ होती तेव्हा टॉबिनला नव्हती, टॉबिन निघाला तर पुलावर गाडी बंद पडली. रोज सकाळी वेल्डनला फोन करून मी विचारायचे, “आठवतंय ना?” एकदा तो म्हणाला, “नाही आठवत. पण टेबलावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी आहे: मर्व्हिनला सोडलं, रो सांगेल ते ऐक. अक्षर माझंच आहे. तेव्हा सांग.”

शेवटी सगळी मंडळी जमली. लोरेटाने पुन्हा केक केला. टॉबिनने कागद वाचून दाखवला आणि ठरलेला प्रश्न विचारला, “मिस्टर प्रुइट, आपण कशाला संमती देताय हे आपल्याला समजतंय का?”

तोच मुद्दा, तीच कात्री. आता हा पुन्हा रेलून बसणार.

तो रेलला नाही. “बाळा,” तो म्हणाला, “मला कळेनासं झालंय, हे मला कळतंय. आज सकाळी तरी कळतंय. तुझ्या कागदाला एवढं पुरे आहे का?”

टॉबिनने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाला, “पुरे आहे.”

सही करण्याआधी वेल्डनने एक स्वल्पविराम घातला. बरोबर जागी.

सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम काही आठवड्यांनी आला. एक परिच्छेद. ‘संमतीने’ हा शब्द वाचून मला हसावं की रडावं कळेना. त्याचे खटले मी आणि काउंटीतल्या इतरांनी वाटून घेतले. मर्व्हिनच्या खटल्यात टोपलीची गोष्ट बाद धरली गेली, पण बातमी खाडीभर झालेली, लेनोराबाईंनी खटला सोडल्यावर आलेल्या नवीन न्यायाधीशांनाही मनातून ती पुसता येईना. शेवटी तडजोड झाली. पेल्हॅमनी साखळी काढली, आणि मर्व्हिनला हयात असेपर्यंत गल्ली वापरायची लेखी परवानगी दिली. त्याच्या मुलांना नाही. मर्व्हिन तो कागद वाचून म्हणाला, “बाबांना एका टोपलीत भागत होतं.”

आता गाव म्हणतं, रोवेनाने किती छान निभावून नेलं. छान! वेल्डन निष्क्रिय झाला म्हणून गप्प झाला असं वाटत असेल तर न्हाव्याच्या दुकानात जाऊन बघा. तिथे खुर्चीत बसून तो लोकांना मृत्युपत्रं कशी करायची ते सांगतो. मग न्हावी मला फोन करतो. मी हातातलं काम टाकून जाते. “वेल्डन, सल्ला द्यायचा नाही. सनद निष्क्रिय आहे.” “कोणत्या हुकमाने?” “सर्वोच्च न्यायालयाच्या.” “माझी बाजू ऐकून न घेता?” “तुमच्या संमतीने!” “दाखव.” सही केलेल्या अर्जाची एक प्रत मी गाडीत ठेवते. तो ती वाचतो, मसुदा कोणी लिहिला म्हणून विचारतो, चांगला आहे म्हणतो. न्हावी हसतो. मी हसत नाही.

गेल्या शनिवारी लोरेटाने खेकडे उकडले होते. मागच्या अंगणात वर्तमानपत्रं पसरून आम्ही लाकडी हातोड्यांनी फोडत बसलो होतो. वेल्डनचे हात त्यात अजून चुकत नाहीत; आईचेच हात. दुपार कलली होती, म्हणजे त्याची वाईट वेळ. त्याने विचारलं, “सोमवारी कोर्टात काय आहे तुझं?”

मी थकले होते. दिवसभर एका जमिनीच्या भानगडीने माझं डोकं उठवलं होतं, आणि त्या भानगडीची नस या जगात जर कोणी नेमकी धरली असती तर यानेच. मी सांगायला लागले. “एक बाई आहे, तिचा भाऊ…”

त्याने हातोडा खाली ठेवला. “थांब. ती तुझी अशील आहे?”

“हो.”

“मग मला नको सांगूस. मी वकील नाही.”

त्या शब्दांसाठी मी सहा महिने त्याच्या मागे फिरले होते. आणि आता ते ऐकून मला इतका राग आला, की हातातल्या खेकड्याचा चुरा झाला. कुणावर राग, ते विचारू नका.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, “सोमवारी काय आहे तुझं?”

“काही नाही, वेल्डन,” मी म्हटलं.

लोरेटा मक्याची कणसं घेऊन आली आणि माझ्यापुढचा ढीग बघून ओरडली, “अगं रो, काय केलंस हे? याचं मांस आता कोण निवडणार?”

वेल्डनने तो चुरा स्वतःकडे ओढून घेतला आणि निवडायला लागला.